यकृत सोडून बाकी सारे

पलूसकडची एक बाई नवऱ्याची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन माझ्या सांगलीतल्या दवाखान्यात बसली होती. नवऱ्याचे वय 48, यकृत आकसून कडक झालेले, डोळ्यांत पिवळेपणा, पोटात पाणी. पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राने तपासण्यांची यादी दिली होती आणि त्यांतल्या जेवढ्या इथे होण्यासारख्या आहेत तेवढ्या इथेच करून घ्याव्यात, असे आमचे ठरले होते. यादी मी वाचून दाखवत असताना तिने मला थांबवले. "डॉक्टर, बदलायचं लिव्हर हाय न्हवं? मग दातं कशाला दाखवायची? हृदय झालं, छाती झाली, आता दातं. लिव्हर सोडून बाकी समदं तपासाय लागलाय तुम्ही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. प्रत्येक तपासणी म्हणजे एक खेप, थोडे पैसे आणि रानातला एक बुडालेला दिवस, हा हिशेब त्यामागे होता. मी तिला दातांचे कारण सांगितले. शरीराने नवे यकृत परके समजून नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे पुढे जन्मभर घ्यावी लागतात, आणि किडलेल्या दाढेच्या मुळाशी जो पू आज नुसता ठणकतो आहे, तोच त्या दिवसांत रक्तात उतरला तर जिवावर बेततो. तिला ते पटले. तिचे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण इतक्या वर्षांत या तपासणीचे इतके नेमके वर्णन मी कोणाकडून ऐकले नव्हते.

यकृत गेले आहे हे रक्ताने, सोनोग्राफीने आणि डोळ्यांच्या रंगाने आधीच सांगितलेले असते. आता पाहायचे असते ते हे, की नवे यकृत पेलण्याइतके बळ त्या शरीरात उरले आहे का, आणि ज्या घरी तो माणूस परत जाणार आहे तिथे ते सांभाळले जाईल का. मी प्रत्यारोपण करणारा सर्जन नाही, साधा फिजिशियन आहे. डॉ. वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून दूरदूरचे लोक उपचारांसाठी आमच्या या भागात येत आले आहेत, त्यामुळे 'यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागेल' असे म्हटले की इथला माणूस आधी घाबरतो, आपले आता काही खरे नाही असेच समजतो. म्हणून आम्ही डॉक्टरही ते वाक्य पुढे ढकलत राहतो. मीही ढकलत असे. पुण्याचे डॉक्टर जे उत्तर देणार असतात त्याचा मोठा भाग मी रुग्णाला कोणत्या अवस्थेत त्यांच्यासमोर उभे केले यावरच ठरलेला असतो, हे मला एका माणसाच्या मृत्यूनंतर कळले. ती हकिगत पुढे येईल.

कोणाला प्रत्यारोपणाची गरज कधी आहे, हे ठरवण्यासाठी आज सर्वांत जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे मेल्ड स्कोअर. रक्तातले बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य), क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात ते द्रव्य) आणि रक्त गोठण्याचा आयएनआर या तीन गोष्टींवरून तो काढतात आणि तो 6 ते 40 यांच्या दरम्यान येतो; जितका जास्त, तितका धोका मोठा. मुळात तो प्रत्यारोपणासाठी बनलेलाच नव्हता. यकृतातला रक्तदाब कमी करण्यासाठी जी नळी बसवतात, त्या उपचारानंतर कोण जगेल याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेत मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी तो तयार केला, आणि पुढचे तीन महिने रुग्ण काढेल की नाही हे त्यावरून इतके चांगले कळू लागले, की 2002 पासून तिथे यकृत कोणाला आधी द्यायचे हे याच आकड्यावर ठरू लागले. साधारणपणे हा आकडा 15 च्या पुढे गेला, किंवा पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम यांपैकी काहीही एकदा झाले, की रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवायला हवे. दुसऱ्यांदा होण्याची वाट पाहायची नाही.

आकडा मात्र आकडाच असतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. ज्या बाईच्या अंगावर मांसच उरलेले नाही तिची मूत्रपिंडे थकली तरी क्रिएटिनिन फारसे वाढत नाही, म्हणून तिचा मेल्ड कमी येतो आणि कागदावर ती शेजारच्या धट्ट्याकट्ट्या पुरुषापेक्षा बरी दिसते. अशा उणिवा भरून काढण्यासाठी नव्या सूत्रात सोडियम आले, पुढे अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन आले आणि रुग्ण स्त्री आहे की पुरुष हेही धरले जाऊ लागले. तरीही काही गोष्टी कोणत्याच सूत्रात बसत नाहीत. माझ्या एका रुग्णाचा मेल्ड 13 होता, पण बँकेत त्याची सही जुळेनाशी झाली होती. कॅशियरने दोनदा परत पाठवल्यावर मुलगा त्याला माझ्याकडे घेऊन आला. मी कोऱ्या कागदावर चांदणी काढायला सांगितली, तर तिच्या टोकांच्या रेघा एकमेकींना भेटेनात. यकृताने न गाळलेली द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचली होती. घरचे म्हणत होते की हल्ली ते रात्रभर जागे असतात आणि दिवसा झोपतात, आणि वयामुळे तसे होत असावे असे सगळ्यांनी धरून चालले होते.

हृदयाच्या तपासणीत फसगत होण्याची शक्यता फार असते आणि ती घरच्यांना समजावून सांगणेही अवघड जाते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत असे आकसून कडक झाले की, अंगभरच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रक्तदाब कमी असतो, त्यामुळे हृदयाला रक्त ढकलायला जोर लागत नाही. अशा वेळी पडल्या पडल्या टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, तर रिपोर्ट उत्तम येतो. मी नातेवाइकांना उसाच्या बैलगाडीचे उदाहरण देतो: रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो, कारखान्याच्या चढावर भरलेली गाडी लागली की त्याची ताकद कळते. शस्त्रक्रियेत तो चढ ठरलेला असतो. नव्या यकृताला रक्तपुरवठा जोडून चिमटे सोडले, की थंड आणि पोटॅशियमने भरलेले रक्त एकदम हृदयाकडे धावते आणि त्या काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून औषध देऊन हृदयाला मुद्दाम धावायला लावून इको करतात, आणि वय, मधुमेह, तंबाखू यांपैकी काही असेल तर हृदयाच्या धमन्याही पाहतात. फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब हा त्याहून मोठा धोका. तो सरासरी 50 मिलिमीटरच्या वर असेल तर रुग्ण टेबलावरच जाण्याची भीती इतकी असते, की आधी औषधांनी दाब खाली आणल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

छातीची एक तपासणी मी प्रत्येक वेळी रुग्णाच्या उशाशी उभा राहून पाहतो. दोन सिरिंज एका तोटीला जोडायच्या, त्यांत सलाइनचे पाणी आणि अगदी थोडी हवा घ्यायची, आणि ते पाणी या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये झपाझप ढकलत राहायचे. थोड्याच वेळात ते दुधासारखे पांढरट होते. ते बारीक बुडबुड्यांचे पाणी हाताच्या शिरेतून सोडले, की पडद्यावर हृदयाची उजवी बाजू चांदण्यांनी भरून जाते. निरोगी माणसात ते बुडबुडे फुप्फुसांच्या सूक्ष्म केशवाहिन्यांतच अडकून विरून जातात आणि डावी बाजू काळीच राहते. यकृताच्या आजारात ज्यांच्या केशवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यांच्यात तीन-चार ठोके जातात आणि मग डावी बाजूही उजळते. त्याचा अर्थ असा, की रक्त प्राणवायू पुरता न घेताच फुप्फुसांतून पलीकडे जाते आहे. हे रुग्ण उठून बसले की त्यांना अधिक दम लागतो आणि आडवे झाले की बरे वाटते, म्हणजे हृदयाच्या रुग्णाच्या अगदी उलट. इस्लामपूरकडच्या एका आजींना या दम्यासाठी वर्षभर पंप दिले जात होते. त्यांच्या डाव्या हृदयात ते बुडबुडे मोजताना मला वाईट वाटले आणि थोडा धीरही आला, कारण हा दोष यकृत बदलल्यावर बहुतेकांत हळूहळू जातो.

आता ती हकिगत. तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे येत. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणत असे. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. मधुमेह आणि यकृतातली चरबी यांनी यकृत गेलेले. त्यांच्या पोटात पाणी साठे, औषधांनी ते कमी होईना, म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी ते यायचे, मी सुई घालून सहा-सात लिटर पाणी काढायचो, अल्ब्युमिनची बाटली लावायचो आणि संध्याकाळी ते हलके होऊन, आम्हा सगळ्यांना हात जोडून घरी जायचे. असे आठ महिने चालले. पाणी काढले की त्यांना बरे वाटे, आणि त्यांना बरे वाटले की मला बरे वाटे. पोटातले पाणी औषधांना दाद देईनासे झाले, की निम्मे रुग्ण जेमतेम सहा महिने काढतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते. वाचलेले असूनही पुण्याचे नाव मी पाच महिने काढले नाही, आणि काढले तेव्हा अण्णा म्हणाले, "ऑक्टोबरची छाटणी झाली की बघू." मी बरं म्हटले.

दर भेटीला माझी नर्स वजन घेई आणि मी कागदावर 68 लिहीत असे. दर वेळी 68, फार तर 67. मी त्याला वजन टिकून आहे असे समजत होतो. पुण्यात त्यांचा सीटी स्कॅन झाला तेव्हा कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर त्यांचे स्नायू मोजले गेले. हल्ली स्नायूंची मोजणी तिथेच करतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढे दिसायला हवेत असे ते स्नायू लिंबाएवढे उरले होते. मांस झडत गेले होते आणि त्याची जागा पाण्याने भरून काढली होती, म्हणून काटा हलला नव्हता. हृदय ठीक, छाती ठीक, मुलगा यकृत द्यायला तयार, पैशांची सोय झालेली. आणि तरीही तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की या अंगावर शस्त्रक्रिया केली तर हे व्हेंटिलेटरवरून उतरणार नाहीत, आधी ताकद आणा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. ते महिने मिळाले नाहीत. पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला, मागोमाग मूत्रपिंडे बंद पडली. छाटणीच्या वेळी बांधावर खुर्ची टाकून बसलेले अण्णा बागेतला माल उतरू लागला तेव्हा नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काकूंनी मला अण्णांच्या पथ्याविषयी सांगितले. आठ महिने त्यांनी घरात फोडणी दिली नव्हती. डाळ बंद, तेल-तूप बंद, दूध बंद. ताकभात, लाह्या आणि उसाचा रस. कावीळ म्हटली की आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच पथ्य चालत आले आहे, आणि त्या माउलीने ते एखाद्या व्रतासारखे सांभाळले होते. "तुम्हीच म्हणाला होता की, पथ्य सांभाळा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो होतो. मला मीठ कमी करा एवढेच सुचवायचे होते. ते मी नीट उलगडून सांगितले नाही, आणि त्यांना जे पथ्य ठाऊक होते ते त्यांनी पाळले. सिरोसिसच्या रुग्णाला निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिने लागतात, वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. त्याच्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रीच्या दहा तासांचा उपवास त्याला आपल्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखा होतो आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. रात्री झोपताना पेलाभर दूध आणि एखादी भाकरी, इतके साधे सांगायचे राहून गेले.

तेव्हापासून माझ्या खोलीत हात नसलेली एक लाकडी खुर्ची आहे. सिरोसिसचा रुग्ण पहिल्यांदा आला, की त्याला हाताची घडी घालून त्या खुर्चीवरून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगतो आणि घड्याळ पाहतो. मग मुठीची पकड आणि पावलापुढे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि वजनाच्या काट्याने जे माझ्यापासून लपवले ते यातून उघड होते. मंडईत किलो-दोन किलोची पिशवी उचलता येत नाही असे कोणी सहज बोलून गेले, तर तेही मी आता कागदावर लिहून ठेवतो.

दारूविषयी लोक फार विचारतात. दारू सोडून सहा महिने व्हावेत अशी अट अनेक केंद्रे घालतात, आणि ती शिक्षा आहे असा घरच्यांचा समज होतो. त्या सहा महिन्यांचा खरा उपयोग असा, की दारू थांबल्यावर काहींचे यकृत इतके सावरते, की प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. पण ज्याच्याजवळ सहा महिने नाहीतच त्याचे काय, या प्रश्नावर आता जगभर पुनर्विचार झाला आहे, आणि काही निवडक रुग्णांत त्याआधीही प्रत्यारोपण केले जाते. मानसोपचारतज्ज्ञ त्या माणसाशी बोलतात ते तो चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी नव्हे. घरात त्याच्या बाजूला कोण उभे आहे, पुन्हा तोल गेला तर तो कोणाला सांगेल, हे त्यांना समजून घ्यायचे असते. त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट विचारायला लावतो: कोणकोणती गावठी औषधे घेतली. काविळीवर नाकात रस सोडणारे, पाला वाटून देणारे आमच्याकडे तालुक्यागणिक आहेत, आणि कोविडच्या काळात रोज गुळवेलीचा काढा घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे. लोक ही औषधे लपवत नाहीत. ती औषधे आहेत असेच त्यांना वाटत नाही, म्हणून सांगायचे राहते.

मृत दात्याच्या यकृतासाठी आमच्या भागातल्या रुग्णांचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत लागते. पण वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर घरातला माणूस पुढे येतो, आणि तेव्हा तपासणी दोघांची होते. निरोगी माणसावर, त्याला स्वतःला काहीही झालेले नसताना, मोठी शस्त्रक्रिया करायची, यापेक्षा जड निर्णय वैद्यकात क्वचितच असतो. दात्याचे यकृत सीटीवर मोजतात. त्याच्यापाशी निदान 30 टक्के तरी उरले पाहिजे आणि रुग्णाला मिळणारा तुकडा रुग्णाच्या वजनाच्या 0.8 टक्क्यांच्या आसपास तरी हवा. यकृत पुन्हा वाढते ही निसर्गाची कृपा, पण वाढेपर्यंत दोघांनाही पुरायला हवे. 1994 च्या कायद्याने जवळचे नातेवाईक कोण हे ठरवून दिले आणि 2011 च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडेही आली. कायद्यात न मावणारी गोष्ट म्हणजे दात्याशी एकट्याने बोलणे. एका कुटुंबात धाकटा भाऊ सगळ्यांसमोर 'मी देतो' म्हणाला होता, थोरल्याच्या पाया पडला होता. दार बंद झाल्यावर तो समन्वयक बाईंना म्हणाला, की दोन लहान मुली आहेत, मला भीती वाटते. घरच्यांना एवढेच कळवण्यात आले, की हा दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कोणी कारण विचारले तरी सांगितले गेले नाही, आणि कधी सांगितले जाणार नाही. त्या बंद दाराचे मोल मला कोणत्याही स्कॅनपेक्षा कमी वाटत नाही.

कधी तपासणीच 'नाही' म्हणते. यकृतात कर्करोगाची गाठ असेल तर 1996 मध्ये इटलीतल्या मिलानहून आलेले मोजमाप अजून पायाभूत मानतात: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असतील तर प्रत्येक 3 सेंटिमीटरपर्यंत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नसावी. त्याबाहेर गेलेल्या गाठी उपचारांनी लहान करून काहींना परत आत आणता येते, सगळ्यांना नाही. असा रुग्ण पुण्याहून परत येतो तेव्हा 'नाही' हा शब्द त्याला माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचा असतो, कारण मी गावचा. त्या दिवशी मी त्याच्यानंतर दुसरा रुग्ण घेत नाही.

पलूसच्या बाईच्या नवऱ्याची दाढ गेल्या महिन्यात निघाली, प्लेटलेट आणि आयएनआर पाहून, मिरजेतच. बुडबुड्यांच्या इकोत डावी बाजू काळी राहिली. खुर्चीवरून पाच वेळा उठायला त्याला पहिल्या दिवशी 21 सेकंद लागले होते, परवा 14 लागले. रात्री दहाला दूध-भाकरी आणि दोन अंड्यांचे पांढरे, हे ती चुकवत नाही. यकृत ती स्वतःच देणार आहे. पहिल्या स्कॅनमध्ये तिच्याच यकृतात चरबी निघाली, म्हणून केंद्राने वजन उतरवायला सांगितले, आणि तेव्हापासून पहाटे उसाच्या रानातल्या रस्त्याने ती रोज तासभर चालते. तिचा दुसरा स्कॅन येत्या गुरुवारी आहे. म्हशींची धार त्या दिवशी धाकटी जाऊ काढणार आहे. पुण्याला कोयना एक्स्प्रेसने जायचे की गाडी करून, एवढेच ठरायचे आहे.